गिंबल दुरुस्त झाला, तरी कॅमेरा पुन्हा मान का टाकतो?

ड्रोन फांदीला अडकून खाली आला. चारही हात शाबूत, पण कॅमेऱ्याने मान टाकलेली. गिंबल, म्हणजे कॅमेरा धरून स्थिर ठेवणारी मोटरची जोडणी, उघडून पाहिलं तर रिबन केबल, म्हणजे तिथली चपटी, पातळ तार, फाटली होती. नवी टाकली, चालू केला, कॅमेरा ताठ उभा राहिला. तीन उड्डाणं छान झाली आणि चौथ्या वेळी हवेतच पडद्यावर आलं, 'गिंबल मोटर ओव्हरलोड'. पुन्हा मान खाली.

माझ्या बाबतीत हे दोनदा घडलं. दोन रिबन वाया गेल्या. तिसरी हातात घेतल्यावर कुठे डोक्यात आलं की रिबन बदलत बसण्यापेक्षा ती फाटते कशाने ते बघावं. कारण निघालं यॉ आर्म, म्हणजे कॅमेरा डावी-उजवीकडे वळवणाऱ्या मोटरचा दांडा. वरवर सरळ दिसणारा तो आर्म जेमतेम अर्धा मिलिमीटर वाकला होता आणि दर हालचालीला रिबन मोटरच्या कडेला घासत होती. मी बदलत होतो जखमेवरची पट्टी, आणि खिळा तसाच आत.

ज्यांचा गिंबल एकदा दुरुस्त होऊन पुन्हा बिघडला आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. पहिल्यांदाच पडला असेल तरी वाचा, एखादी रिबन वाचेल.

ओव्हरलोड म्हणजे नेमकं काय

गिंबलमध्ये तीन मोटर असतात. बहुतेक मॉडेलांत सगळ्यांत वर यॉ, म्हणजे कॅमेरा डावीकडे-उजवीकडे वळवणारी. तिच्या आर्मला रोल, जी क्षितिज सपाट ठेवते. आणि शेवटी पिच, जी कॅमेरा वर-खाली करते. यांना गिअर नसतात. या मोटर गरगर फिरण्यासाठी नाहीत, कॅमेरा एका कोनात धरून ठेवण्यासाठी आहेत, आणि धरून ठेवायला सतत करंट लागतो. म्हणूनच बॅटरी काढली की चांगला गिंबलही लुळा पडतो. बंद ड्रोनचा कॅमेरा लोंबकळतोय म्हणून घाबरलेले लोक मी पाहिलेत. तो बिघाड नव्हे.

कॅमेऱ्याजवळचा आयएमयू सेन्सर कॅमेरा किती कलला ते सांगतो. मोटरमधला चुंबकीय सेन्सर आर्म कोणत्या कोनात आहे ते सांगतो. कंट्रोलर सेकंदाला शेकडो वेळा या दोन्हींचा ताळमेळ लावून करंट कमी-जास्त करत असतो. करंट वाढवूनही आर्म हव्या त्या कोनात येईना, की मोटर जळू नये म्हणून तो हात आखडता घेतो आणि पडद्यावर 'ओव्हरलोड' लिहून मोकळा होतो. आर्म का येईना, हे त्याला माहीत नसतं. वाळूचा कण अडकला असेल, आर्म वाकला असेल, रिबन ताणली जात असेल, मोटरची एखादी फेज, म्हणजे आतल्या तीन गुंडाळ्यांपैकी एक, तुटली असेल, सेन्सर चुकीचा कोन सांगत असेल. किंवा गिंबलचं कव्हर काढायलाच तुम्ही विसरला असाल. हसू नका, हे सगळ्यांकडून होतं.

मेसेजमध्ये 'मोटर' हा शब्द असतो म्हणून लोक आधी मोटर मागवतात. मी जितके गिंबल उघडले त्यांत मोटर खरोखर गेलेली क्वचितच निघाली.

उघडण्याआधी

पडलेल्या ड्रोनची बॅटरी सगळ्यांत आधी बाहेर काढा आणि नीट बघा. फुगलेली, चेपलेली किंवा हाताला गरम लागणारी असेल तर ती परत लावायची नाही, चार्जही करायची नाही. मोकळ्या जागी, जळाऊ वस्तूंपासून लांब ठेवा. गिंबल नंतर. आणि वॉरंटी किंवा अपघाताचं संरक्षण शिल्लक असेल तर इथेच थांबा. एकदा स्क्रू फिरवलेला ड्रोन त्यात बसेलच असं नाही.

आता प्रोपेलर काढा आणि बॅटरीशिवाय एका बोटाने प्रत्येक अक्ष हळूहळू फिरवा. ही चाचणी फुकट आहे आणि निम्मं निदान इथेच होतं, तरी बहुतेक जण ती गाळतात. चांगला अक्ष एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अलगद, सारख्याच जोराने फिरतो. दर वेळी ठरावीक जागी खरखर लागत असेल तर मोटरच्या फटीत काहीतरी आहे किंवा रोटर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, घासतोय. एखाद्या ठिकाणाहून सोडल्यावर आर्म स्प्रिंगसारखा मागे येत असेल तर रिबन कुठेतरी आखडली आहे. टोकाला पोचण्याआधीच थांबत असेल तर आर्म वाकलाय किंवा सरकलाय.

टोक म्हणजे किती, याचा अंदाज असावा. उदाहरणार्थ डीजेआय माविक मिनीत कॅमेऱ्याची वर-खाली यांत्रिक मर्यादा उणे ११० पासून ३५ अंशांपर्यंत, रोलची दोन्ही बाजूंना ३५ अंश आणि यॉची फक्त २० अंश. त्यातलं वर-खालीचं, उडवताना आपल्या हातात येतं ते उणे ९० ते ०, फार तर वर २० पर्यंत. तेव्हा यॉ पूर्ण गोल फिरत नाही म्हणून जोर लावू नका. तो फिरण्यासाठी बनलेलाच नाही.

चालू करून पहिले दहा सेकंद

यानंतर, कव्हर नाही याची खात्री करून, ड्रोन सपाट टेबलावर ठेवून चालू करा आणि फक्त बघा. चालू होताना गिंबल स्वतःची तपासणी करतो: प्रत्येक अक्ष थोडा फिरवून पाहतो आणि मग मध्यावर येऊन स्थिर होतो. फोनवर त्याचा स्लो मोशन व्हिडिओ घ्या. डोळ्यांना 'थरथरतोय' एवढंच दिसतं, व्हिडिओत कोणता अक्ष थरथरतोय ते कळतं.

चित्र येतंय पण कॅमेरा लुळा आहे, तर मोटरकडे जाणारी रिबन किंवा तिचा कनेक्टर संशयित. उलट कॅमेरा ताठ आहे, हलवला की छान सावरतो, पण पडदा काळा, तर चित्र आणणारी केबल. बऱ्याच ड्रोनमध्ये ती वेगळी असते, केसांसारख्या बारीक तारांची जुडी. तीन अक्षांपैकी एकच मेल्यासारखा असेल तर त्या मोटरची फेज किंवा रिबनमधला तिचाच मार्ग. सगळं चालतंय, फक्त क्षितिज तिरकं, तर कॅलिब्रेशन (सेन्सरला 'सरळ' म्हणजे काय ते नव्याने शिकवणं) किंवा रोलचा आर्म. ताठ उभा राहतो पण गुणगुणतो, बोट लावलं की थांबतो, तर वजनाचा तोल बिघडलाय; लेन्सवर नंतर लावलेला फिल्टर काढून पाहा.

आणि आपली मूळ तक्रार: सुरुवातीला ठीक, पाच-दहा मिनिटांनी किंवा एका ठरावीक कोनात मान टाकतो. इथे रिबनमध्ये बारीक चीर धरून चला. तांब्याची पट्टी तुटलेली असते पण टोकं एकमेकांना टेकलेली असतात. विशिष्ट वाकात ती सुटतात, आतला भाग तापल्यावरही सुटू शकतात. थंड झाल्यावर पुन्हा जुळतात आणि तुम्हाला वाटतं, झालं बरं आपोआप.

रिबन

ही केबल म्हणजे तांब्याच्या पातळ पट्ट्या आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना पॉलिइमाइडचा पिवळट-तपकिरी पापुद्रा. लवचीक असते, पण घडी सहन होत नाही आणि घासणं तर अजिबात नाही. काढताना प्रत्येक पायरीचा फोटो घ्या, विशेषतः ती मोटरभोवती कशी वळते, कुठे चिकटवली आहे, कोणत्या आर्मच्या आतून जाते. नवी रिबन कधी कधी सपाट येते. तिला जुनीसारखं वळण द्यायचं, पण नखाने घडी पाडायची नाही. पेन्सिलीभोवती हलकेच गुंडाळून गोलाई द्यायची.

कनेक्टर दोन तऱ्हांचे दिसतात. एक बटणासारखा, वरून दाबला की टक् आवाज येतो. तो प्लॅस्टिकच्या पट्टीने सरळ वर उचलायचा, वाकडा ओढायचा नाही. दुसऱ्याला बारीक झडप असते, ती उघडल्याशिवाय रिबन ओढलीत तर बोर्डवरचा कनेक्टरच सोबत येईल. बॅटरी लावलेली असताना यांना हातही लावू नका. एकाच रिबनमधून वीज आणि सिग्नल दोन्ही जातात. तिरकी बसली की नको तिथे वीज पोचते आणि मग रिबनऐवजी बोर्ड शोधत फिरावं लागतं.

जुनी रिबन टाकून देऊ नका. साक्षीदार तीच आहे. भिंगाखाली धरून तिरप्या उजेडात फिरवा. पडताना एका झटक्यात फाटलेली असेल तर कडेपासून आत जाणारी ओबडधोबड फाट दिसते. घासून गेली असेल तर आधी एक चमकदार पट्टा, त्याच्या मध्ये रंग उडालेला, आणि त्याच्याही मध्ये तांबं उघडं. माझ्या दुसऱ्या रिबनवर असा पट्टा होता, अंदाजे तीन मिलिमीटर लांब, एकाच कडेला. पहिली रिबन शोधून काढली तर तिच्यावरही फाटीच्या शेजारी, त्याच जागी, तसाच पट्टा सुरू झालेला. ती आपटल्याने फाटली असं मी गृहीत धरलं होतं. ड्रोन त्याआधीही एकदा आपटला होता हे तेव्हा आठवलं. नुकसान त्या पहिल्या पडण्यातलं होतं.

वाकलेला आर्म कसा ओळखायचा

डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, कारण आर्म मुळातच वळणदार आणि गोलसर कडांचा असतो.

लावलेल्या स्थितीत असेल तर समोरून फोटो काढा. फोन जवळ नेऊ नका. थोडं लांब उभं राहून झूम करा, म्हणजे फोटोतली वाकडेपणाची भर कमी होते. फोटोवर सरळ रेघ आखा आणि आर्मची कड तिच्याशी ताडून बघा. मग बाजूने, मग वरून. दोन मोटरमधली फट सगळीकडे सारखी आहे का, तेही या फोटोंत दिसतं. एका बाजूला केस जाईल एवढी आणि दुसऱ्या बाजूला नख जाईल एवढी फट असेल तर निदान झालं.

सुटा केला असेल तर माझी पद्धत सोपी आहे. काचेचा सपाट तुकडा घ्या, आर्मची मुळात सपाट असलेली बाजू त्यावर ठेवा, पलीकडून टॉर्च मारा. उजेड झिरपतो तिथे कागदाचे तुकडे सरकवा. छपाईच्या साध्या कागदाची जाडी सुमारे ०.१ मिलिमीटर असते. माझ्या आर्मच्या एका कोपऱ्याखाली पाच कागद गेले, सहावा अडला. अर्धा मिलिमीटर. मोटर आणि रिबन यांच्यामध्ये एरवीही तेवढीच मोकळी जागा असेल-नसेल.

वाकलेला आर्म सरळ करावा का? ॲल्युमिनियमचा असेल तर एकदा होतो. पक्कडीच्या तोंडाला कापडी टेप गुंडाळा, मोटर आणि रिबन काढून ठेवा, थोडं वाकवा, काचेवर तपासा, पुन्हा थोडं. एका दमात सरळ करायला गेलात तर पलीकडे वाकेल. धातू त्या जागी कमजोर होतो, हे मात्र धरून चला. मॅग्नेशियम मिश्रधातूचा किंवा प्लॅस्टिकचा आर्म सरळ करायच्या भानगडीत पडू नका. तो वाकत नाही, तडकतो. मी माझा सरळ केला, महिनाभर वापरला आणि मग नवा मागवलाच. पहिल्यांदाच मागवला असता तर एक रिबन आणि दोन रविवार वाचले असते.

आर्म सरळ असूनही मोटर फिरवताना तिचा डबा डुलत असेल तर शाफ्ट, म्हणजे मोटरचा मधला दांडा, वाकलाय. तो सरळ होत नाही. मोटर बदला.

आणखी एक फसवी गोष्ट. काही मॉडेलांत आर्म मोटरच्या शाफ्टवर बारीक स्क्रूने आवळलेला असतो. आपटल्यावर तो वाकत नाही, नुसता काही अंश सरकतो. मग सगळं शाबूत दिसतं आणि तरी क्षितिज तिरकं किंवा अक्ष लवकर टोकाला टेकतो. स्क्रू सैल करून शाफ्टच्या सपाट भागाशी जुळवा आणि परत आवळा. स्क्रूच्या टोकाला निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) टिंब पुरे. लाल वापरू नका, पुढच्या वेळी उघडणार नाही. प्लॅस्टिकवर ओघळू देऊ नका, काही प्लॅस्टिक त्याने तडकतं.

डॅम्पर, वाळू, वाइंडिंग

डॅम्पर म्हणजे गिंबल ज्यांवर लटकतो ते रबरी गोळे. पडल्यावर एखादा निसटलेला असतो आणि सहसा मागचा, दिसत नाही असा. गिंबल एका कोपऱ्यात झुकलेला दिसेल, व्हिडिओ जेलीसारखा लुळलुळेल. बोथट चिमट्याने गोळ्याची मान प्लेटच्या भोकातून फिरवत ओढा. टोकदार वस्तू वापरलीत तर रबर फाटेल. चिरलेला एकही गोळा ठेवू नका आणि शक्यतो सगळे एकदम बदला, जुना-नवा मेळ बसत नाही. जेली दिसली म्हणून गिंबलच दोषी असंही नाही. कड उडालेल्या प्रोपेलरनेही तेच होतं.

मातीत किंवा वाळूत पडला असेल तर मोटरच्या चुंबकांना लोहयुक्त कण चिकटलेले असतात. हवेचा फुगा मारून ते जात नाहीत. चिकटपट्टीची बारीक गुंडाळी किंवा पोस्टर चिकटवायची पुट्टी फटीत टेकवून एकेक उचला. स्क्रूड्रायव्हरने उकरू नका. तो स्टीलचा असतो, चुंबक त्याला खेचतो आणि वाइंडिंगला, म्हणजे मोटरमधल्या तारेच्या गुंडाळीला, ओरखडा जातो.

मोटरवर संशय असेलच तर बोर्डापासून तिचा कनेक्टर सोडवा आणि मल्टीमीटरने तिच्या तीन तारांचा दोन-दोनच्या जोडीने रोध मोजा. आकडा किती, यापेक्षा तिन्ही जोड्यांत तो सारखा आहे का, हे महत्त्वाचं. दोन जोड्यांत काहीच नाही आणि एकीत नीट, तर एक तार तुटली. तिन्ही सारख्या आणि फिरताना खरखर नाही, तर मोटर ठीक आहे. तिला सोडा.

मोटर बदलावीच लागली तर एक अडचण लक्षात ठेवा. कोनाच्या सेन्सरची जुळवणी त्या विशिष्ट मोटरसाठी कारखान्यात केलेली असते आणि अनेक मॉडेलांत ती माहिती गिंबलच्या बोर्डमध्ये साठवलेली असते. दुसऱ्या ड्रोनची मोटर लावली की बोर्ड जुन्या मोटरचा हिशेब धरून चालतो. ॲपमधलं कॅलिब्रेशन हे दर वेळी निस्तरतं असं नाही, सर्व्हिस सॉफ्टवेअर लागतं. म्हणून वापरलेले सुटे भाग घेताना मी आर्म, रिबन, डॅम्पर सुटे घेतो. मोटर घ्यायची वेळ आली तर बोर्डासकट अख्खा गिंबल घेतो.

कॅलिब्रेशन शेवटी, आधी नाही

क्षितिज तिरकं दिसलं की लोक धडाधड कॅलिब्रेशन चालवतात. वाकलेल्या आर्मवर केलेलं कॅलिब्रेशन म्हणजे वाकडेपणालाच सरळ म्हणायला शिकवणं. यांत्रिक दुरुस्ती पूर्ण झाल्यावरच करा. ड्रोन थंड, बॅटरी पुरेशी भरलेली, प्रोपेलर काढलेले, जागा खरोखर सपाट. टेबलावर पाणसळ ठेवून बघा. सतरंजी नको, कॅमेरा खाली टेकतो. आधी ड्रोनचा आयएमयू, मग गिंबल. चालू असताना टेबलाला धक्का लागू देऊ नका. दर वेळी त्याच टक्क्यावर अडकत असेल तर कुठेतरी अजून काही अडतंय. पुन्हा पुन्हा बटण दाबू नका, परत बोटाच्या चाचणीकडे जा.

मग टेबलावरच दहा मिनिटं चालू ठेवा. जमिनीवर प्रोपेलरचा वारा नसतो, ड्रोन तापतो, म्हणून समोर पंखा लावा. या वेळात कॅमेरा दर मिनिटाला वर-खाली टोकापासून टोकापर्यंत न्या, ड्रोन हातात उचलून डावी-उजवीकडे कलवा. चीर असेल तर ती बहुधा इथेच पकडली जाते.

पहिलं उड्डाण दोन मीटर उंचीवर, मऊ जमिनीच्या वर. जागेवर तरंगत ठेवा, कॅमेरा खाली न्या, वर आणा, जागच्या जागी झटकन वळवा, थोडं पुढे नेऊन ब्रेक लावा. सगळं रेकॉर्ड करा. एखादी सरळ भिंतीची कड किंवा खरं क्षितिज फ्रेममध्ये असू द्या. वळताना क्षितिज कलून दोन-तीन सेकंदांत परत सपाट होत असेल तर आयएमयूचं कॅलिब्रेशन पुन्हा करा. कायम एकाच बाजूला अंशभर तिरकं राहत असेल तर ॲपमधल्या रोलच्या सेटिंगमधून तेवढं काढून टाकता येतं.

अशी पाच उड्डाणं झाली की गिंबल पुन्हा उघडा. हो, चालत असला तरी. रिबनच्या त्याच कडेवर भिंग धरा. माझ्या तिसऱ्या रिबनवर नवा आर्म बसल्यावर काहीच दिसलं नाही, पिवळट पापुद्रा जसाच्या तसा. तुमच्या रिबनवर चमकदार रेघ उमटू लागली असेल तर काच आणि कागदाचे तुकडे पुन्हा बाहेर काढा.